विमकाकांच्या गाडीची मागची सीट

विमकाका खोटारडे आहेत, असं मी चारचौघांत म्हटलं होतं.

तेही त्यांच्याच वाढदिवसाला, त्यांचाच केक खाताना.

मंगळवारी विमकाका गेले. आज त्यांना निरोप दिला आणि नंतर त्यांच्या गाडीची मागची सीट मी माझ्या हातांनी उघडली. म्हणून हे लिहितेय.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातले आमचे शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. "नुसतं विम म्हण," असं ते सांगायचे, पण माझी जीभ वळायची नाही. शेवटी 'काका' म्हणजे काय ते त्यांना समजावलं. खूश झाले.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी होती. गडद हिरवी, छत मागे दुमडणारी, आणि त्या काळी कंपनी देत असलेलं सगळ्यात ताकदवान इंजिन. अशा उघड्या गाडीत ते इंजिन फार कमी लोकांनी मागवलं होतं म्हणे.

खरी गंमत पुढेच.

रेडिओ नाही. पण हेडलाइट धुणारे पाण्याचे फवारे आहेत.

ठरवलेल्या वेगाच्या वर गेलात की ओरडणारा बझर आहे.

आणि बर्फात घसरू नये म्हणून मागच्या टायरांवर चिकट द्रव उडवणारं एक बटण आहे!

"सगळं फॅक्टरीतून आलेलं," विमकाका अभिमानाने सांगायचे.

आता मी कोण? पुण्यात मी एका कारखान्यात इन्कमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला होते. पार्ट आणि त्याचे कागद जुळले नाहीत की लाल स्टिकर लावायचा, हे माझं काम. मग नवऱ्याच्या, मंदारच्या मागे डिपेंडंट व्हिसावर इथे आले आणि वर्षभर घरात बसले. तपासायला काहीच नव्हतं. मंदारचे मोजे तपासायचे तरी किती?

तर तो वाढदिवस. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे खुर्च्यांचं कडं करून बसलेले, एकेक कॉफी, एकेक केकचा तुकडा. विमकाका गाडीचं कौतुक सांगत होते.

मी माझ्या कोर्समधल्या डचमध्ये म्हटलं, "एवढं इंजिन घेणारा माणूस वेग वाढला की ओरडणारा बझर कशाला मागवेल? साध्या गाडीत कुणीतरी मोठं इंजिन बसवलंय. आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुम्ही खोटं बोलताय."

मंदारने माझा पाय दाबला.

मी थांबते कसली. नेटवर वाचलं होतं की गाडी जोडताना कामगारांसाठी जो कागद छापायचे, त्यात प्रत्येक भाग लिहिलेला असायचा आणि तो बरेचदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकून राहायचा.

"मग सीट उघडा," मी म्हटलं.

"नाही."

"का?"

"उंदरांनी खाल्ला असेल."

झालं! माझी खात्रीच पटली.

दोन दिवसांनी आमच्या लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी आली. 'शनिवार, दहा वाजता, कॉफी. पुरावा घेऊन ये.'

मी गेले. टॉर्च, वही आणि फोन घेऊन.

पहिल्याच शनिवारी मागच्या सीटच्या बोल्टांवर मला ताजे ओरखडे दिसले. मी फोटो काढला.

"हे कुणी केलं?"

"तू फार बघतेस," एवढंच म्हणाले आणि बिस्किटाचा डबा पुढे केला. एक घेतलं की झाकण बंद. त्या बाबतीत अस्सल डच.

वहीत मी लिहिलं, 'सीटशी छेडछाड. संशय वाढला.'

तेव्हापासून चार वर्षं, प्रत्येक शनिवारी दहा वाजता. कधी एखादा स्क्रू नवा वाटायचा, कधी रंगाखाली दुसरा रंग. एकदा मी टायरवाल्या बटणावर जोरात बोट दाबलं. थेंबही आला नाही.

"पाहिलंत?"

"बर्फ कुठेय?"

मध्येच मला इथे नोकरी लागली, तीही इन्स्पेक्शनचीच. मुलाखतीची तयारी विमकाकांनी गाडीत बसवून करून घेतली होती. डच चुकलं की बझरसारखा आवाज काढायचे. तरी माझा संशय काही गेला नाही. दर शनिवारी निघताना मी विचारायची, "सीट उघडायची?"

"पुढच्या शनिवारी."

आज निरोपानंतरची कॉफी झाली आणि त्यांची मुलगी आनेके माझ्याजवळ आली. हातात पाना.

"बाबांनी सांगून ठेवलंय. सीट नीलिमाने उघडायची."

दोन बोल्ट. सीट उचलली. स्प्रिंगांमध्ये प्लास्टिकची पारदर्शक पिशवी होती आणि आत तपकिरी पडलेला कागद.

मी ओळ न ओळ बोट ठेवून वाचली. गाडीचा नंबर जुळला. इंजिन जुळलं. फवारे, बझर, टायरचं बटण, सगळं होतं. रेडिओचा रकाना कोरा.

मग पिशवीचा कोपरा दिसला. विमकाकांच्या नीटनेटक्या अक्षरात तारीख. त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची.

ओरखडे त्यांचेच होते. मी पहिल्यांदा कॉफीला गेले, त्याच्या आधीच त्यांनी सीट उघडली होती, कागद वाचला होता आणि परत ठेवून दिला होता.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

आनेके म्हणाली, "त्याच दिवशी मला फोन केला होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन तिला दाखवा. तर म्हणाले, नको. ती दिवसभर एकटी खिडकीत बसलेली असते. तिला काम मिळालंय. आणि मलाही."

मी गाडीच्या मागच्या बाजूला, त्या उघड्या स्प्रिंगांशेजारी बसून पोटभर रडले. मला वाटायचं, मी त्यांना पकडायला जातेय.

विमकाका, गाडी खरी आहे. माझा लाल स्टिकर मागे घेतला.

तुम्ही मात्र खोटारडेच. सलग चार वर्षं.

शनिवारी दहा वाजता गाडीपाशी येते. कॉफी घरून आणेन, बिस्किटं दोन घेईन.

या तुमच्या संशयी पुतणीचा शेवटचा नमस्कार.