लेझीमच्या रिंगणातला तिसरा रविवार

चाकूरला दर रविवारी सकाळी आम्ही लेझीम सुरू केलं. घरातला पहिला पदवीधर म्हणून फलक मीच हौसेनं लिहिला होता : ‘कुणीही या, येत नसेल तर शिकवू.’

तिसऱ्या रविवारी हलगी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची सून रिंगणात आली. रिंगणात तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं लोखंडी लेझीम तिच्या तोंडावर हाणलं. “वाजवायचं त्यांनी वाजवावं, रिंगणात यायचं न्हाई!”

तिचा ओठ फाटला. मी मध्ये पडलो, दुसरा घाव माझ्या कपाळावर बसला. लोकांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवत बाहेर नेलं.

मी म्हणालो, “ताई, आज बंद करू.”

तिनं पदरानं रक्त पुसलं. “सर, बोर्डावर लिवलं अन् आता पळायलात का? मामा, वाजवा!”

सासऱ्यानं हलगीवर काठी मारली. कपाळाला रुमाल बांधून मी तिच्या शेजारी उभा राहिलो.