बसमधलं भाषण

बदनापूरच्या दीपमालाचं शनिवारचं ठरलेलं असतं. देवपूजा उरकायची, पोळीभाजीचा डबा आणि लॅपटॉप एकाच पिशवीत कोंबायचा आणि स्टेशन गाठायचं. कधी परभणी, कधी नांदेड. तिथं सॉफ्टवेअरचं काम करणारी पोरंपोरी जमतात, त्यांच्यापुढं ती बोलते. शेजारणींनी विचारलं की सासूबाई, झुंबरबाई, सांगतात, "सून कीर्तनाला गेली."

भाषणाची परीक्षाही झुंबरबाईच घेतात. आदल्या दिवशी त्या गहू निवडत बसतात आणि दीपमाला त्यांच्यासमोर सगळं म्हणून दाखवते. सासूबाईंना जिथं पेंग येईल तेवढा भाग ती काढून टाकते.

"मी झोपले तर मला उठवावं की न्हाई?"

"आत्याबाई, तुम्ही झोपलात म्हणूनच तर कळलं!"

पण खुद्द आपल्या जिल्ह्यात, जालन्यात तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती तिथं शिकत होती तेव्हा असलं काही सांगायला कुणी यायचं नाही. गावाकडच्या पोरींनी कुणाला विचारावं, हा सल तिच्या मनात तेव्हापासूनचा. म्हणून यंदा सोमेश्वर नावाच्या पोरानं जालन्यात पहिला मेळावा ठरवला, तेव्हा तिनं राजूरच्या गणपतीला नारळ बोलला : माझं बोलणं त्या पोरींपर्यंत पोचू दे.

मेळावा सुरू झाला तो सत्कारांनी. ज्यानं हॉल दिला त्याचा सत्कार, खुर्च्या देणाऱ्याचा, माईकवाल्याचा. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर दोन शब्द. दीपमाला हळूच म्हणाली, "सोमेश्वर, माझा सत्कार ऱ्हाऊ दे. पोरी घड्याळ बघून राह्यल्या."

"ताई, असं कसं? पाहुण्याला शाल न्हाई दिली तर लोकं मला नावं ठेवतील!"

तिनं शाल घेतली, माईक हातात घेतला आणि नमस्कार म्हणाली, तोच मागच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. त्यातली शीतल रडवेली झाली होती. "मॅडम, भोकरदनची बस आहे आमची. ही चुकली तर घरचे परत जालन्याला पाठवणार न्हाईत."

दीपमालानं माईक सोमेश्वरच्या हातात दिला. "इथल्या पोरांसाठी मी पुढच्या शनिवारी परत येते. ह्यांना मी बसमधीच सांगते." आणि शाल-नारळासकट ती पोरींच्या मागं निघाली.

बसमध्ये ती इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलत होती. विषय होता रेंज नसतानाही चालणारं ॲप. रस्ता चढाला लागला आणि सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. तिला आनंदच झाला. पलीकडच्या सीटवर मोसंबीवाले कडूबा होते.

"मामा, बागेत कशाची फवारणी केली? ह्या फोनमधी टाका बरं."

कडूबांनी एका बोटानं टाकलं. शेजारी पिवळा ठिपका आला. "गेलं का?"

"न्हाई मामा. पण हरवलं बी न्हाई. रेंजची वाट बघून राह्यलं."

"म्हंजी माझ्यासारखंच, फाट्यावर बसची!"

अख्खी बस हसली. राजूर जवळ आलं, रेंज आली आणि ठिपका हिरवा झाला. पोरी एकदम ओरडल्या. कंडक्टरही तिकिटं सोडून वाकून बघू लागला.

तेवढ्यात शीतलनं विचारलं, "मॅडम, रेंज नसताना मामांनी एक लिहिलं आणि त्यांच्या पोरानं दुसऱ्या फोनवर येगळंच लिहिलं, तर खरं कुणाचं धरायचं?"

नेमका हाच भाग ऐकताना झुंबरबाईंना गाढ झोप लागली होती, म्हणून दीपमालानं तो काढून टाकला होता.

"ताई, राजूर आलं," कंडक्टर म्हणाला. "उतरताय ना? तिकीट काढताना बाप्पाला जायचं म्हणत होतात."

टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसत होतं. दीपमालानं पदर सावरला, बसल्या जागेवरून हात जोडले आणि मांडीवरचा नारळ पिशवीत नीट ठेवला.

"येताना उतरते. आत्ता भोकरदनचं तिकीट द्या." मग ती पोरींकडं वळली. "सरका गं जरा. ह्याला लई वेळ लागतो, आन् पेंगायचं न्हाई."