सुरीनच्या पत्त्यावर गेलेलं पत्र

चौथ्या किलोमीटरच्या दगडापाशी दुआनताईने चपला काढून हातात घेतल्या. मला वाटलं, पाय दुखत असतील. तर म्हणाली, नव्या चपला करकरतात, कालव्यावरून आवाज लांब जातो, कोण येतंय ते विचियनला आधीच कळेल. विचियन मिस्त्रीचं घर तिथून अजून सात किलोमीटर होतं.  मी तिच्या मागे चालत राहिले.

तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं पत्र, आणि दुसरी माफी मागायची थाळी, म्हणजे फुलं, उदबत्त्या आणि पिवळ्या मेणबत्त्या. पिशवी ती माझ्याकडे देईना. आमच्या यजमानांची गाडी घेऊन जाऊ, असं मी आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं. त्याच्या दारात मी कुठल्याही इंजिनावर बसून जाणार नाही, असं तिचं उत्तर. वर मलाच टोमणा.

"तुझा गणपती शहाणा. उंदरावर बसला. उंदीर परत पाठवा म्हणून त्याला कंपनीचं पत्र येत नाही."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी तीही हसली नाही.

तिचं पूर्ण नाव लामदुआन. थायलंडमधल्या सराबुरीजवळच्या आमच्या गावात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ती पहिली बाई. आम्ही इथल्या सूतगिरणीच्या वसाहतीत आलो त्याला आता बावीस वर्षं झाली. माझं नाव विमल, पण इथे सगळे विमोन म्हणतात. हे नाव मला दुआनताईनेच दिलं. नवरा गेल्यावर तिने जुनी पिकअप चालवायला घेतली. आठ वर्षांपूर्वी नवी घेतली. चंदेरी रंगाची, मागे दोन बाकं आणि वर छप्पर. विहारातल्या भंतेंनी गाडीच्या आतल्या छताला पांढऱ्या गंधाचे ठिपके लावले. इथे गाडीची राखण करणारी देवी मानतात, तिला ती रोज पहाटे ताजा हार घालायची, मग किल्ली फिरवायची. पोरांना शिस्त अशी की देवीला नमस्कार केल्याशिवाय कुणी बाकावर बसायचं नाही. माझी मुक्ता पहिलीपासून त्या बाकावर बसली. घरी देव्हाऱ्यापुढे हात जोडायला कंटाळा करायची आणि दुआनमावशीच्या गाडीत मात्र डोळे मिटून उभी राहायची.

गाडीच्या वॉरंटीची मुदत होती तोवर ताई कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायची. मुदत संपली आणि गाडी विचियनच्या हाती आली. विचियन तिच्या नवऱ्याचा दोस्त, तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. चिंचेच्या झाडाखाली त्याचं गॅरेज. बोलणं कमी. ऑईलचा डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा, आणि कुठलाही भाग बदलला की जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. घरी नेऊन काय करायचं ते करा, पण बघा, म्हणायचा. ताईच्या घरामागच्या ओट्यावर अशा पुड्यांची रांगच होती.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, अकरा पोरं घेऊन ताई बायपासच्या चढाला लागली होती. खालून खडखड झाली आणि इंजिन जागच्या जागी बसलं. स्टिअरिंग जड झालं. मागचा ट्रकवाला शुद्धीत होता म्हणून त्याने ब्रेक दाबला, तरी थोडा धक्का बसलाच. मुक्ता कडेला बसली होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकीच्या पोरांना खरचटण्यावर निभावलं. देवाची कृपा, असं मी तेव्हा शंभरदा म्हटलं असेन.

वर्कशॉपमधल्या साहेबाने इंजिन उघडलं. पांढऱ्या कागदावर चमचाभर ऑईल घेऊन त्यातला धातूचा चकाकणारा कीस ताईला दाखवला. बेअरिंग झिजून गेलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, ऑईल बाहेर बदलता का? ताई हो म्हणाली. विचियनने जानेवारीतच बदललं होतं. मग आम्ही काय बोलणार, असं म्हणून साहेबाने कागदाची घडी घातली. खोटं असं तो एक अक्षरही बोलला नाही. हे मला आता कळतं.

ताई तिथून तडक चिंचेखाली गेली. विचियनने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली: ते जुनं बेअरिंग आणून दाखव. वर्कशॉपवाले म्हणाले, भंगारात गेलं. मग गावात कुजबुज सुरू झाली, की मिस्त्री नकली ऑईल घालतो. तेव्हा ताईने ते केलं जे आमच्या गावात बोलणं मिटवायला करतात. तिने त्याला नगरस्तंभाच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या खांबाच्या, देवळात बोलावलं. सगळ्या पोरांच्या आया तिथे होत्या. मीही होते, ताईच्या मागे, मुक्ताला कडेवर घ्यावं तशी जवळ धरून. ताई त्याला म्हणाली, ऑईल अस्सल होतं अशी स्तंभापुढे शपथ घे, मी सगळं विसरते.

आमच्याकडे बेलभंडारा उचलतात. त्याचं भय मला लहानपणापासून माहीत आहे. खोटी शपथ घेतली की सात पिढ्या भोगतात, तसंच इथेही आहे.

विचियनने पेटलेली उदबत्ती हातात घेतली आणि म्हणाला, "डबा मी दुकानातून आणला, सीलबंद होता. पण आत अस्सल होतं की नकली, ते मला कुठे दिसलंय? जे मला माहीत नाही त्याची शपथ मी कशी घेऊ?"

त्याने उदबत्ती विझवून खाली ठेवली. मग माझ्याकडे बघितलं, बहुधा मुक्ताच्या खांद्याकडे. मी मान फिरवली. शपथ घेतली नाही म्हणजे गुन्हा कबूल, हे त्या देवळात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. एप्रिलमधल्या नववर्षाच्या सणाच्या आत गॅरेज बंद झालं. विचियन लेकीकडे निघून गेला, कालव्यापलीकडच्या वस्तीवर.

तीन वर्षं ताईने त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. कुणी काढलंच तर म्हणायची, परक्याने दगा दिला तर माणूस दार लावून घेतं, घरच्याने दिला तर लावायला दार कुठलं? नवं इंजिन बसवून तीच गाडी ती पुन्हा चालवू लागली. पण हार घालताना हात थांबायचा.

या ऑगस्टमध्ये तिची आई गेली, सुरीन जिल्ह्यातल्या खेड्यात. शंभर दिवसांच्या विधीला ताई गेली आणि घर झाडताना फळीवरची बुद्धाची मूर्ती तिने उचलली. मूर्तीमागे एक लिफाफा होता. त्यावर गाडीच्या बोनेटवर असतं तेच कंपनीचं चिन्ह. लिफाफा फोडलेला नव्हता. त्याला शेंदरी दोरा बांधलेला, वर वाळलेली जाईची फुलं.

इथल्या निम्म्या लोकांसारखं ताईचं नावही अजून माहेरच्या घराच्या निळ्या पुस्तकात, म्हणजे सरकारी घरनोंदीत, होतं. इतकी वर्षं सराबुरीत राहूनही ते हलवायचं तिला सुचलं नव्हतं, आणि गाडीचे कागदही त्याच पत्त्यावर. त्यामुळे पत्र सुरीनला गेलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण ते चिन्ह ती ओळखत होती. लेक दरवर्षी त्याच गाडीतून यायची. शेजारीण सांगत होती, म्हातारी रोज त्या लिफाफ्याला पाणी शिंपडून म्हणायची, माझ्या पोरीची गाडी सांभाळ.

पत्रात लिहिलं होतं, की अमुक ते तमुक महिन्यांत बनलेल्या इंजिनांत बेअरिंगचा दोष राहून गेला आहे, चालती गाडी अचानक बंद पडू शकते, कंपनी या गाड्या परत बोलावत आहे, जवळच्या वर्कशॉपमध्ये ताबडतोब आणा, इंजिन फुकट दुरुस्त करून मिळेल. खाली गाडीचा चासी नंबर. तारीख सप्टेंबरची, म्हणजे बायपासच्या त्या दिवसाच्या पाच महिने आधीची.

आईला ताईने एका शब्दानेही दोष दिला नाही. ती आठवडाभर न जेवता होती, ते दुसऱ्याच कारणाने. ती वर्कशॉपमध्ये गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने वाकून नमस्कार केला, नंबर टाकला आणि गोड आवाजात सांगितलं, हो मावशी, तुमची गाडी यादीत आहे. यादी केव्हापासून आहे? त्याच सप्टेंबरपासून. काचेमागे तोच साहेब बसला होता. ताई सरळ आत गेली. ज्या दिवशी तुम्ही मला तो कीस दाखवलात, त्या दिवशी ही यादी तुमच्याकडे होती का, एवढंच तिने विचारलं.

साहेब म्हणाला, पत्र तुमच्या पत्त्यावर गेलं होतं, तुम्ही वाचलं नाही यात वर्कशॉपची काय चूक?

"मी वाचलं नव्हतं," ताई म्हणाली. "तुम्ही तर वाचलं होतं."

मग तो दुरुस्तीचा खर्च परत मिळेल वगैरे सांगू लागला, अर्ज काढला. ताईने अर्ज बाजूला सारला. तिला एकच ओळ हवी होती, इंजिन ऑईलमुळे गेलं नाही, विचियन मिस्त्रीची चूक नव्हती, खाली सही आणि शिक्का. साहेब म्हणाला, आमच्याकडे तसा कुठला अर्ज नसतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला ती अडवू लागली. तुझी गाडी कुठल्या पत्त्यावर आहे? चासी नंबर दाखवून विचारून आलास का? पोरं टिंगल करायला लागली, मावशी आता वाहतूक खात्यात लागली म्हणून. तिने ऐकून घेतलं. एकाची गाडी खरंच यादीत निघाली, तेव्हा टिंगल थांबली.

आणि आता आम्ही कालव्याच्या बांधावरून चाललो होतो. दुपारी वस्तीवर पोचलो. विचियन अंगणात पाण्याचा पंप उघडून बसला होता. खूप वाळला होता. आम्हाला बघून उठला आणि ताईच्या आधी माझ्याकडे वळला.

"पोरीचा खांदा भरून आला का?"

आला, मी म्हटलं.  तो गाव सोडून जाईपर्यंत मी त्या माणसाला वाटेत साधा नमस्कार केला नव्हता.

ताईने आधी पत्र दिलं. त्याने हात पुसले, चष्मा शोधला, दोनदा वाचलं. मग तारखेवर बोट ठेवलं आणि पंपाशेजारी मातीतच बसला.

"म्हणजे डबा अस्सल होता," तो म्हणाला.

उठून आत गेला आणि एक रिकामा डबा घेऊन आला. त्या जानेवारीतला, त्याच ऑईलचा. तीन वर्षं जपून ठेवलेला. लेबलाचे कोपरे हात लावून लावून गुळगुळीत झाले होते. छपाई फिकट आहे का, अक्षर वाकडं आहे का, हे तो रोज बघायचा. सगळ्या गावाने त्याला दोषी धरलं, आणि त्या गावात तो स्वतःही होता. अकरा पोरं आपल्या हातून मरता मरता वाचली, असं धरून तो इतके दिवस जगत होता. हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ताईने थाळी पुढे केली, गुडघे टेकून. त्याने रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीने चिकट भात आणि भाजलेली केळी आणली. पण ताईने त्याला गॅरेज पुन्हा उघड म्हटलं, तेव्हा त्याने मान हलवली. "नको दुआन. लोकांनी स्तंभापुढे जे बघितलं ते बघितलं. कागद कोण वाचतो?"

परतताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती. त्या चौथ्या दगडापाशी पुन्हा थांबली. चपला अजून हातातच होत्या.

"मला त्या साहेबाने फसवलं," ती म्हणाली. "पण विचियनला त्याने नाही फसवलं. त्याने विचियनचं तोंडही बघितलेलं नाही. त्याला देवळात उभं मी केलं, त्याचा काही दोष नसताना. आणि माफी कुठे मागून आले? अंगणात, जिथे बघायला एक कोंबडी होती."

मी म्हटलं, तूही फसलीच होतीस. तिने ते बाजूला सारलं.

"विमोन, एक काम कर. त्या दिवशी देवळात होत्या त्या सगळ्या आयांना येत्या पौर्णिमेला तू बोलव. मी बोलावलं तर म्हणतील, गाडीचं काही असेल. उदबत्ती घेऊन स्तंभापुढे मी शपथ घेणार आहे, की ऑईल अस्सल होतं. त्याने न घेतलेली शपथ. आता मला माहीत आहे, मी घेऊ शकते. त्यालाही मी घेऊन येईन, पाया पडून आणीन. तू फक्त त्या दिवशी जिथे उभी होतीस ना, तिथेच उभी राहा. आणि या वेळी त्याच्याकडे बघ."