चांदनी चौकाच्या फलाटावर मांडी घालून

दिल्लीले ये म्हणून माहा भाऊ राजूदादा कवापासून फोन करून राहिला होता. तो तिथं एका हॉटेलात रोट्या बनवते. मी दरवेळी एकच सांगो, "चिमी लहान हाय." चिमी म्हणजे माही चार वर्षांची पोरगी. खरं म्हणजे भेव मलेच होतं. देवरीच्या बाजारात चिमीचं बोट सुटलं त मले घाम फुटते. दिल्लीत सुटलं त कोनाले विचारू?

यंदा चिमीच्या बाबायनं मले न विचारता तिकिटं काढली. मग मी काय करू? चिमीच्या फ्रॉकले आतून कापडाची पट्टी शिवली, तिच्यावर दादाचा नंबर लिहिला, आन निघाली.

तुमाले जायचं असन त सोपं हाय. चिचगडवरून एसटीनं देवरी, तिथून गोंदिया. गोंदियावरून निजामुद्दीनची थेट गाडी भेटते. स्लीपरचं तिकीट लवकर काढा, घरून चिवडा न्या, गाडीतल्या भाजीच्या नादी लागू नका. मी रातभर चिमीच्या पायाले पदराची गाठ मारून बसली होती.

चिमीचे बाबा वरच्या बर्थवरून म्हणे, "अवो, पोरगी हाय का बकरी?"

म्हटलं, "बकरी असती त मी झोपली असती. ते एकटी घरी येते."

पहिल्या दिवशी दादानं साहेबलोकाची दिल्ली दाखवली. रस्ते एवढे रुंद का तिथं आमचं अख्खं गाव धान वाळू घालन. दादा म्हणे, "हे रायसिना टेकडी." मी टेकडी शोधूनच राहिली. आमच्याकडं याले जरासा चढाव म्हणतेत. त्या चढावावर राष्ट्रपतीचं घर, आन बाजूले मोठमोठी ऑफिसं.

दादा मले म्हणे, "धानाचा भाव इकडच ठरते."

"इथं धान त कुठं दिसून नाई राहिला!"

"म्हणून त ठरवता येते," चिमीचे बाबा म्हणे.

दादानं सांगतलं का हे नवी दिल्ली इंग्रजायनं बांधली, राजधानी कलकत्त्यावरून उचलून आनली. त्याच्या आधी जो जो राजा आला त्यानं आपली येगळी दिल्ली बसवली, जुनी तशीच टाकून. आमी इथं एक छत टाकता टाकता म्हातारे होतो, आन हे लोक गावच्या गावं टाकून देत होते! जेवाले राजमा-चावल घ्या. चिमी भाताबिगर जेवली असं मानतच नाई, तिनं दोन्ही येळा तेच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दादाले ड्युटी होती. आमी तिघंच लाल किल्ल्याले गेलो. सोमवारी बंद राहते, ध्यानात ठेवा. शहाजहान बादशानं यमुनेच्या काठावर बांधला म्हणतेत, आता नदी दूर सरकली आन मधात गाड्याचा रस्ता आला. आतमधी फिराले दिवस पुरत नाई, पाय लवकर थकतेत. परत येताना आटो करू नका, आटोवाला तुमचं तोंड पाहून भाव सांगते. मेट्रो तोंड पाहत नाई.

पन मेट्रो थांबतही नाई. चांदनी चौकाले गाडी आली. चिमी बाबाच्या खांद्यावर होती, ते दोघं आत गेले. मी गाडी आन फलाटाच्या मधातल्या फटीकडं पाहून राहिली, पाय फसन का म्हणून. तेवढ्यात दार लागलं. मी हात दाखवला. आमच्या एसटीचा ड्रायव्हर हात दाखवला का थांबते. हे गाडी गेली. काचेतून चिमीचं तोंड दिसलं, वासलेलं.

मोबाईल त्यायच्याजवळ. नंबर मले पाठ नाई, मी त नाव दाबतो. दादाचा नंबर फ्रॉकमधी, आन फ्रॉक गाडीत.

आमच्याकडं मोहफुलं वेचाले जंगलात गेलो आन चुकामूक झाली त एकच कायदा: हलाचं नाई, जिथं हाय तिथं बसाचं आन कूऽऽ करून आवाज द्याचा. मी तिथंच फलाटावर मांडी घातली. गाडी आली का कूऽऽ करो. लोक मोबाईल खाली करून पाहत.

खाकी वर्दीतली एक बाई आली. "मैडम, यहाँ बैठना मना है."

"उठेगी तो गुम जाएगी मैं."

"आपके आदमी अगले स्टेशन पर उतरे होंगे. सब वही करते हैं."

"वो सब में नहीं आता. जंगल का है. वो भी बैठ गया होगा."

"तो दोनों बैठे रहोगे? ढूँढेगा कौन?"

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. कायद्याचा दुसरा भाग मी इसरलीच होती. ज्याच्याजवळ लेकरू हाय तो बसते, मोकळा मानूस शोधते. चिमी झाल्यापासून लेकरू माह्याजवळच, म्हणून दरवेळी बसनारी मीच. आज पहिल्यांदा मोकळी मी होती. म्हणजे जानंही मलेच होतं.

पुढची गाडी आली. वर्दीवाल्या बाईनं दंड धरला, मी डोळे मिटले आन फट वलांडली. चावडी बाजार येईपर्यंत खांब्याले दोन्ही हातानं धरून होती. एका पोरीनं बसाले जागा देल्ली, मी नाई म्हटलं. बसून बसून त एवढं झालं होतं.

दार उघडलं, आन कूऽऽ! चिमीचा आवाज. फलाटाच्या मधोमध चिमीचे बाबा मांडी घालून, मांडीवर पोरगी, आन समोर एक वर्दीवाला हात जोडून: "भैया, अब तो उठ जाओ!"

मले पाहून ते म्हणे, "काऊन वं, एवढा उशीर?"

मी तिथंच रडली. मग हासली. मग त्यायले दोन शिव्या देल्ल्या, त्या लिहीत नाई. चिमीले पुन्हा गाडीत बसाचं होतं, तिले वाटलं हा खेळच हाय.

घरी येऊन आता दिवस झाले. दिल्ली काय काय पाहली विचारान त किल्ला अर्धा इसरली, साहेबाचे बंगले सगळे सारखेच वाटतेत. चिमीचे बाबा गावभर सांगतेत, "आमची हे दिल्लीत चुकली." मी चुकली नव्हती, मी शोधाले गेली होती.

यंदा मोहफुलं वेचाले मी टोपली घेऊन पुढं गेली आन लेकरू त्यायच्याजवळ देल्लं. जरा येळ झाला का झाडाखालून तेच भेदरून कूऽऽ करतेत. मी आयकतो. पन दर येळी लगेच उत्तर देत नाई.