पहिला लोटा

फकीर मोहम्मद फाटक्या तोंडाचा माणूस, पण पैनगंगेकाठचं ते सगळं गाव त्याच्या शब्दावर पाणी प्यायचं. पेठेच्या घरांखाली जुन्या बादशाही काळातला बारा कमानींचा दगडी हौद होता. वऱ्हाडचा कारभार नागपूरकडे गेला, साहेब बदलले, हौद तसाच राहिला. दर चैत्रात फकीर मोहम्मद कंदील घेऊन आत उतरायचा, गाळ उपसायचा आणि वर आला की पहिला लोटा चारचौघांत स्वतः प्यायचा. मगच बायका घागरी भरायच्या. ही रीत त्याच्या बापापासूनची.

गेल्या चैत्रात सातव्या कमानीतून काळं पाणी झिरपताना दिसलं. वास काही लपत नव्हता. त्यानं खाली पावलं मोजली, वर येऊन तेवढीच पावलं चालला आणि थेट भगवानरावांच्या नव्या संडासाच्या खड्ड्यावर येऊन उभा राहिला. भगवानराव म्हणजे पेठेतलं बडं प्रस्थ.

"जुना पाझर हाये तो, फकीरा," ते हसून म्हणाले. "खड्डा पक्का बांधला हाये. पे तू बिनघोर."

आणि हा शहाणा प्याला! स्वतःच्या नाकापेक्षा मालकाचं तोंड त्याला खरं वाटलं.

पावसाळ्यात पेठेत हगवण लागली. त्याची सहा वर्षांची नात शबाना दोन दिवसांत गेली. वर लोकच म्हणाले, म्हातारा आता गाळ नीट काढत नाही. त्यानं तेही गिळलं.

मग हिवाळ्यात भगवानरावांचा गडी पुंजाजी नदीवरून बैलगाडीत पाण्याची पिंपं आणताना भेटला.

"मालक हौदाचं पेत नाहीत आता," तो सहज बोलून गेला. "गेल्या चैतापासून."

फकीर मोहम्मदच्या अंगाची लाही लाही झाली.

औंदाच्या चैत्रात तो भरला लोटा घेऊन वर आला. प्याला नाही. भगवानराव खुर्ची टाकून बसले होते, तिथं गेला.

"मालक, औंदा पहिला लोटा तुमचा."

"तुह्या हातचं मी पेऊ? डोकं फिरलं का बे?"

"मंग पुंजाजी भरते. त्यानं नदीवरून आणलेलं त रोज पेता ना?"

सगळ्या माना वळल्या. पुंजाजीनं खाली पाहिलं, पण नाही म्हणाला नाही.

"आज उपास हाये मले," भगवानराव पुटपुटले.

"उपासाले पाणी चालते, मालक," घागर घेऊन उभी असलेली तानुबाई म्हणाली.

भगवानरावांनी हात पुढे केला नाही.

"मी पेलो होतो!" फकीर मोहम्मदचा आवाज चिरकला. "तुमच्या शब्दावर मी पेलो, अन् माह्या शब्दावर माही शबाना पेली!"

लोटा त्यानं खुर्चीपुढं ठेवला. तानुबाईनं रिकामी घागर डोक्यावर घेतली आणि नदीची वाट धरली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या निघाल्या. भगवानरावांपुढचा लोटा मात्र काठोकाठ भरलेलाच राहिला.