अनोळखी पत्ता

कामावर त्याला सगळे पहारेकरी म्हणत. औषधांच्या गोदामातल्या शीतखोल्यांवर लक्ष ठेवणारा सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. सर्व्हर सारखा प्रत्येक खोलीतल्या संगणकाला विचारी, "आहेस का?" तो उत्तर देई, "आहे, थंडावा ठीक." इतका साधा संसार. पण काल साहेबांनी सर्व्हर नव्या खोलीत हलवायला लावला आणि आज सकाळपासून पडद्यावर सगळ्या खोल्या लालभडक.

साहेब येता-जाता डोकावत. "झालं का?"

झालं असतं तर हिरवं दिसलं नसतं का, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्यात आज आईला दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, स्वतःचा फोन ती घरीच विसरलेली. "सोडलं की नर्सबाईंच्या फोनवरून कळवते," म्हणाली होती. तो मधूनमधून फोन बघे. वाजला नव्हता. म्हणजे अजून सोडलं नाही, तेवढंच बरं.

त्याने वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. नेटवर्क ठीक, संगणक चालू, पण जोडणी नाकारली, हेच सगळ्यांचं पालुपद. "मेल्यांनो, मिठाची गुळणी धरून बसलात का!" तो एकटाच ओरडला.

शेवटी वैतागून तो एका शीतखोलीतच जाऊन बसला आणि कुडकुडत तिथल्या संगणकाची सेटिंग उघडली. एक ओळ होती: फक्त या पत्त्याला उत्तर द्यायचं, अनोळखी कुणालाही नाही. पत्ता सर्व्हरचा, पण जुना. हलवल्यावर सर्व्हरला नवा मिळाला होता. ओळ त्यानेच कधीतरी सुरक्षिततेसाठी घातलेली आणि तो ती साफ विसरलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा! स्वतःवरच चिडत त्याने नवा पत्ता टाकला. खोली हिरवी झाली.

आणि त्याला नर्सबाईंचा फोन आठवला. कर्ज घ्या म्हणून छळणाऱ्यांना कंटाळून त्याने आपल्या फोनलाही हेच शिकवलं होतं: अनोळखी नंबर आला तर वाजायचंसुद्धा नाही. त्याने नाकारलेले कॉल उघडले. वरपासून खालपर्यंत एकच नंबर.

"बाकीच्या खोल्या?" साहेब मागून ओरडले.

"नवा पत्ता टाका. तुम्हालाही जमेल," म्हणत तो धावत सुटला.

दवाखान्याच्या दाराजवळच्या बाकावर आई बसली होती. डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. आता चांगली खरडपट्टी निघणार, असं मनाशी धरूनच तो जवळ गेला. तिने चाचपडत त्याचं मनगट घट्ट धरलं.

"किती फोन केले, एक उचलला नाहीस. म्हटलं, तुलाच काही झालं. आहेस ना रे?"

"आहे," तो म्हणाला.