मास्तरांना पुरेल एवढा गॅप

मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. ॲक्सिलरेटर नसतो. मास्तरांचं सगळं कामाचं आयुष्य त्या सीटवर गेलं. गाडी थांबवायचे सगळे अधिकार त्यांच्याकडे, पळवायचा एकही नाही. अशा नोकरीने माणूस तसा होतो की मुळात तसलाच माणूस ही नोकरी धरतो, हे त्यांच्याकडे बघून ठरवता येत नाही.

शिकायला येणारे त्यांना मागे ‘थांबामास्तर’ म्हणतात. ‘थांबा’ हा शब्द ते इतक्या तऱ्हांनी उच्चारतात की मुरलेल्या शिष्याला नुसत्या आवाजावरून कळतं, पुढे कुत्रं आहे, सिग्नल आहे की मास्तरांना पुढचं काही दिसत नाहीये. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं रस्त्यावर ओळखू येतात. सिग्नल पिवळा व्हायच्या बेतात असतानाच ती थांबतात आणि मागच्यांच्या शिव्या खातात. अपघात मात्र त्यांच्यापैकी कोणाचा झालेला ऐकिवात नाही.

मास्तरांची दुसरी ओळख म्हणजे मायलेज. त्यांच्या मोटार शिकवायच्या शाळेची गाडी जुनी, रोज नवशिक्यांचे धक्के खाणारी, तरी कंपनीने सांगितलं होतं त्याहून जास्त चालते. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तो झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवावा तसा, ही त्यांची शिकवण. सिग्नल लांबून दिसला की पाय काढायचा आणि गाडी आपली आपण जाऊ द्यायची. एसी लावायचा नाही. डिकीत जड काही ठेवायचं नाही. या शेवटच्या नियमात एकदा सासूबाईंची बॅग सापडली होती आणि तो विषय घरात अजून काढत नाहीत.

मास्तरांच्या पत्नी मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. बरीच वर्षं इतरांच्या हाताखाली काढल्यावर त्यांना सकाळच्या पाळीचं इनचार्जपद मिळालं. पहिल्या शस्त्रक्रियेआधी सगळी हत्यारं त्यांनी तपासायची, त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय सर्जननेही हातमोजे घालायचे नाहीत. हे ‘हं’ त्यांना फार प्रिय होतं. आणि ते मिळतं न मिळतं तोच इस्पितळ गावाबाहेर, बायपासपलीकडच्या नव्या इमारतीत गेलं.

मास्तर त्यांना शाळेच्या गाडीतून सोडायला जाऊ लागले. घरापासून बायपासपर्यंतचा रस्ता सरळ. पुढे गल्ली संपते आणि बायपासला लागायचं, तिथे सिग्नल नाही. भरधाव गाड्यांमधली फट बघून घुसावं लागतं. मास्तर तिथे थांबत, आणि थांबलेलेच राहत. सिस्टर घड्याळ बघत, मास्तर रस्ता बघत. थिएटरमध्ये सर्जन धुतलेले हात वर करून उभा राहू लागला, तेव्हा मेट्रनने सिस्टरांना बोलावून घेतलं. आणखी एकदा उशीर झाला तर इनचार्जपद ज्युनिअर सिस्टरकडे जाईल, असं तिने शांतपणे सांगितलं. ती ज्युनिअर इस्पितळाच्या आवारातल्या हॉस्टेलमध्येच राहते. तिला उशीर करायचा झाला तर तो मुद्दाम करावा लागेल.

दोष गाडीचा, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं. गाडी म्हातारी, पिकअप उरलेला नाही, फट दिसली तरी पोचेपर्यंत ती मिटते. तेव्हा घरासाठी वेगळी छोटी गाडी घ्यायची ठरली. लग्नापासून इतक्या झटपट दोघांचं कशावरच जुळलं नव्हतं, आणि कुठली गाडी या प्रश्नावर ते लगेच मोडलंही.

गाडी एकच, इंजिनं दोन. लहान इंजिन कमी पितं आणि बेताने पळतं. टर्बोवालं जास्त पितं आणि पाय लागताच उसळतं. सिस्टरांना टर्बो हवी होती. मास्तरांना ती कल्पनाच सहन होईना. सिस्टरांच्या भावाचं टायरचं दुकान आहे आणि गाडीच्या बाबतीत त्याचं मत विचारावं लागत नाही, ते येतंच. तो संध्याकाळी येऊन बसला आणि बहिणीच्या बाजूने बोलू लागला.

“भाऊजी, तुम्ही गाडी घेताय की शेगडी? किती पिते, किती पिते एवढंच चाललंय.”

मास्तर म्हणाले, पळून पळून पुढच्या सिग्नलला सगळे एकत्रच उभे राहतात.

“तुम्ही कुठले एकत्र उभे राहताय? तुम्ही बायपासच्या अलीकडे उभे असता.”

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की आपल्याला वेळेवर पोचवेल ती गाडी, मग ती पेट्रोल पिवो नाहीतर दूध.

मास्तर एकटे शोरूममध्ये गेले. तिथला टाय लावलेला सेल्समन टर्बोची गाडी शून्यापासून शंभरपर्यंत किती झटकन जाते ते सांगू लागला. मास्तरांनी विचारलं, शंभरने जाणार कोण? तो म्हणाला, जायलाच हवं असं नाही सर, पण जाता येतं. जाता तर विहिरीतही येतं, असं मास्तरांनी त्याला सांगितलं, आणि सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला, पायांनी ब्रेक चाचपला. सेल्समन बराच वेळ खिडकीशी उभा राहिला आणि मग अदबीने म्हणाला, सर, गाडी चालवून कोण बघणार आहे?

मास्तरांनी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. टर्बो त्यांनी शोरूमच्या मागच्या रस्त्यावर अशी नेली की एक सायकलवाला बराच काळ त्यांच्या बरोबरीने चालला होता. सेल्समन म्हणाला, सर, जरा दाबून बघा. मास्तर म्हणाले, दाबलाय. त्याने वाकून बघितलं. बूट पेडलवर होता खरा, पण पाहुण्यासारखा टेकलेला.

घरी येऊन मास्तरांनी निकाल जाहीर केला: दोन्ही इंजिनांच्या पिकअपमध्ये काही फरक नाही. त्यांच्या अनुभवापुरतं हे अगदी खरं होतं. भाऊ खुर्चीतून पडायच्या बेतात हसला. सिस्टरांनी फक्त विचारलं, बायपासला नेली होती का?

नेली नव्हती. म्हणून सिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा शोरूम. टर्बोच्या स्टिअरिंगवर मास्तर, शेजारी सिस्टर, मागे सेल्समन. सेल्समनला वाटत होतं, आज मोठ्या इंजिनाची विक्री झालीच.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर थांबले. बायपासवरून गाड्यांचा घोळका गेला, मग बरीच मोकळी जागा आली. मास्तरांनी ती नीट न्याहाळली आणि जाऊ दिली. सेल्समन म्हणाला, सर, यात बसली असती. पुढची त्याहून मोठी आली, तीही गेली. मागून हॉर्न सुरू झाले. एक टेम्पो बाजूने पुढे गेला आणि बायपासला लागला. मग वाळूने गच्च भरलेला एक ट्रक, धापा टाकत, काळा धूर सोडत, त्यांना वळसा घालून पुढे आला, जरा थबकला आणि पुढच्याच फटीत शिरून निघून गेला.

सिस्टर त्या ट्रककडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

“अहो, त्या ट्रकला कुठे पिकअप होता?”

“त्याचा ड्रायव्हर सरावाचा असतो.”

“आणि तुम्ही?”

मास्तरांनी यावर विचार केला. मग ते प्रामाणिकपणे सांगू लागले, कारण शिकवताना ते खोटं बोलत नाहीत. फट नुसती गाडी मावेल एवढी असून चालत नाही. आधी घाबरायला वेळ लागतो. मग क्लच एकदम सुटतो, गाडी आडवी येऊन बंद पडते, ती परत चालू करायची, मागच्याचे हॉर्न ऐकायचे, गिअर शोधायचा. एवढं सगळं ज्यात बसेल ती खरी फट.

“पण गाडी बंद पाडणार कोण?”

“शिकणारा.”

“इथे शिकणारा कोण आहे?”

मास्तरांनी गाडीत बघितलं. सेल्समन खिडकीबाहेर बघू लागला. हॉर्न चालूच होते.

“म्हणजे इतके दिवस मला उशीर होत होता,” सिस्टर म्हणाल्या, “तो गाडीत नसलेल्या माणसासाठी.”

गाडी मागे घेऊन ते शोरूमला परतले. सिस्टरांनी लहान इंजिनाची किल्ली मागितली आणि स्वतः चालवायला बसल्या. त्या मास्तरांच्याच शिष्या. सुट्टीच्या दिवशी बाजारात शाळेची गाडी नेत, पण मास्तरांना शेजारी बसू देत नसत. परवाना मिळाल्यापासून मास्तरांनी त्यांना चालवताना बघितलंच नव्हतं. या वेळी त्यांनी मास्तरांना बसवलं, पाय सीटवर घ्यायच्या अटीवर. मास्तर मांडी घालून बसले.

गल्लीच्या तोंडाशी सिस्टरांनी मान वळवून बघितलं. एक बस गेली, तिच्यामागे जेमतेम जागा होती. त्यांनी गाडी घातली, दुसऱ्या गिअरमध्ये पेडल जमिनीला टेकवलं, लहान इंजिन किंचाळलं आणि गाडी रांगेत लागली. मास्तर ‘थांबा’ म्हणाले तेव्हा ते बायपासवर बरेच पुढे आले होते. मागे सेल्समनने दोन्ही हातांनी वरची कडी धरली होती. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला टर्बो देणं बरोबर होणार नाही.

तेव्हा लहान इंजिनाची गाडी आली. दोन्ही इंजिनांत फरक नाही हे मास्तरांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं आणि त्याचा त्यांना काडीचा आनंद झाला नाही, कारण किल्ली सिस्टरांच्या पर्समध्ये गेली. दुसऱ्या गिअरमध्ये इतकं ताणलं तर पेट्रोल किती लागेल, हे त्यांनी समजावून बघितलं. कंपनीने सांगितलंय तेवढं तरी मायलेज येईल का, असंही विचारलं.

“मी पोचेन तेवढं येईल,” सिस्टर म्हणाल्या.

त्या पोचतात. सर्जन आता त्यांच्यानंतर येतो, आणि मेट्रनने तो विषय पुन्हा काढलेला नाही. मास्तरही सकाळी त्याच गाडीतून निघतात, पण सिस्टर त्यांना बायपासच्या अलीकडे, गल्लीच्या तोंडाशी उतरवतात. गाडी बायपासला लागेपर्यंत मास्तर तिथून हलत नाहीत आणि त्यांचा एक पाय जमिनीवर दाबलेला असतो, असं कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सांगतो. मास्तरांना विचारलं तर ते म्हणतात, रस्ता ओलांडायला थांबलेला असतो. त्यांची शाळा रस्त्याच्या अलीकडेच आहे.